डाग काढणारा हात

माझा उजवा हात माझ्या आधी काम करतो. पूर्वी मला याचं फार कौतुक होतं. आता त्या हाताचा मला राग येतो, आणि तो राग सांगायलाच हे लिहायला बसले आहे. लिहितेय तीही त्याच हातानं, म्हणजे बघा.

शेलूबाजारला हायवेला लागून, जीपा उभ्या राहतात त्याच्या समोर आमचा फोटो स्टुडिओ आहे. आमचा म्हणायचं, पाटीवर नाव यांचं आहे. कॅमेरा यांचा, लग्नं यांची, मांडवातली पहिली पंगतही यांची. माझ्या वाट्याला प्लायवूडच्या पार्टिशनमागचा कॉम्प्युटर. लोक येतात, यांना 'फोटोवाले भाऊ' म्हणतात, आणि फोटो मी करते हे त्यांना माहीतही नसतं. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं, मग राग यायला लागला, मग सवय झाली. मधूनमधून राग अजून येतोच.

मंगरूळपीरला मी कॉम्प्युटरचा क्लास केला होता. तिथले सर फोटो उघडायची रीत शिकवायचे ती अशी: वर कोपऱ्यात जा, यादी उघड, 'ओपन' म्हण, मग ड्राइव्ह शोध, मग फोल्डर, मग फोटो, मग पुन्हा 'ओपन' म्हण. तेवढ्यात दारावरून वरात निघून जाते. ओढून टाकायचं मला कोणी शिकवलं नाही, ते माझं मीच शोधलं. अर्ध्या स्क्रीनवर फोटोंचं फोल्डर उघडं ठेवायचं, अर्ध्यावर फोटो नीट करायचं सॉफ्टवेअर. फोटो माउसनं धरायचा, बोट न सोडता ओढत आणायचा आणि सॉफ्टवेअरच्या करड्या रिकाम्या जागेवर सोडून द्यायचा. उघडला. सुपातलं जात्यात घालावं तसं. एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: रिकाम्या जागेवर सोडला तर फोटो उघडतो, आणि आधीच उघड्या असलेल्या फोटोवर सोडला तर त्याच्या छातीवर जाऊन बसतो. दोन्हीचा उपयोग होतो. आधी रिकाम्या जागेवर टाकून चेहरा साफ करायचा, सेव्ह करायचा, बंद करायचा. मग हारा-फुलांची चौकट उघडून तोच चेहरा तिच्यावर टाकायचा. लग्नसराईत मी एका दुपारी शे-सव्वाशे फोटो असे ओढलेले आहेत. हे गिऱ्हाइकांना आत बोलावून दाखवायचे, "पाहा, कशी ओढते पाहा," जशी काही मी रहाटावरची बैलजोडी आहे.

आता यात एक खोट होती, आणि ती मला पहिल्या वर्षापासून माहीत होती. फोटो ओढून उघडला की त्याची नक्कल होत नाही. गिऱ्हाइकाच्या कार्डावरचा फोटो असतो, तोच उघडतो. त्यावर काम करून सेव्ह केलं की गिऱ्हाइकाचा मूळ फोटो पुसला जातो आणि त्याच्या जागी आपलं काम जाऊन बसतं. म्हणून आधी तो कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचा असतो. पण आमच्या कॉम्प्युटरला जागा कधी नसायचीच, सगळी यांच्या लग्नांच्या व्हिडिओंनी भरलेली. मी दर सीझनला म्हणायची, "एक हार्ड डिस्क आना." हे म्हणायचे, "पुढच्या सीझनले पाहू. तू वढ आन टाक ना, उतरवत कायले बसतं?" एवढ्या वर्षांत पुढचा सीझन काही आला नाही. कार्डावरून ओढायचं, कार्डावरच सेव्ह करायचं, प्रिंट काढायची आणि कार्ड परत द्यायचं, ही आमच्या दुकानाची रीत पडली.

दुसरी रीत चेहऱ्याची. आमच्याकडे सगळ्यात जास्त काम तेरवीच्या फोटोचं. माणूस गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातलं कोणीतरी फोटो घेऊन येतं. तेरवीला मोठी फ्रेम लागते, खाली दोन ओळी, वर हार. आणि फोटो हातात देताच पहिलं वाक्य ठरलेलं: "जरा उजळ करजा." माझं डोकं फिरायचं. जन्मभर जी बाई सोयाबीन सोंगायला आणि तूर काढायला उन्हात वाकली, तिला जितेपणी कोणी साधी टोपी घेऊन दिली नाही, आणि मेल्यावर तिला गोरं करायचं. तोंडानं मी काही बोलायची नाही. मनात शिव्या घालायची आणि उजळ करायची. पुढं पुढं कोणी सांगायचीही गरज राहिली नाही. चेहरा उघडला की हात आधी डाग काढायच्या ब्रशकडे जायचा. ब्रश ठेवायचा, एक क्लिक, डाग गेला. तीळ, वांग, देवीचे व्रण, सुरकुत्या. आणि गोंदण. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर हिरवट ठिपके असतात. फोटो मोठा केला की ते मळल्यासारखे दिसतात. हातानं त्यांनाही डागांतच धरलं. मी त्याला अडवलं नाही. म्हणजे बायांना उजळ करणाऱ्यांवर चिडणारी मी, आणि ब्रश माझ्याच हातात. हे तेव्हा सुचलं असतं तर आज एवढं लिहावं लागलं नसतं.

काउंटरच्या वर नमुन्याला एक फ्रेम लावलेली होती. ती माझ्या आईची. आई गेली तेव्हा मी हे काम नुकतंच शिकले होते. आमच्या पोरीच्या बारशाला यांनी आईचा एक फोटो काढला होता, तो मी कॅमेऱ्याच्या कार्डावरून ओढला, दोन दिवस खपून साफ केला, मागे निळं आभाळ घातलं. तेरवीला आलेली बाई न बाई म्हणाली, कशी देवीसारखी दिसते. यांनी एक फ्रेम दुकानात लावली. गिऱ्हाईक आलं की तिच्याकडे बोट दाखवायचं, "अशी करा." माझ्या आईसारखी सगळ्यांना हवी होती. मला याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

ही गोष्ट दोन वर्षांमागची. दिवाळी झालेली, बाजाराचा दिवस, हायवेवर नुसता गोंधळ. एक म्हातारबाबा आले. इंझोरीकडचे, मंगरूळहून जीपनं आलेले. धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा दुपट्टा. त्यांनी चंची सोडली आणि सुपारीच्या खांडांमधून कागदाची एक पुडी काढली. पुडीत नखाएवढं मेमरी कार्ड.

"माह्या घरची गेली," ते म्हणाले. "चवथ्या रोजी तेरवी हाय. ह्याच्यात तिचा फोटो हाय. येकच हाय."

हे बाजारातल्या कोणाशी तरी बोलत बाहेर उभे होते. मी पार्टिशनमधून उठून पुढं आले, कार्ड घेतलं आणि सवयीनं वर बोट केलं, "अशी करायची ना, बाबा?"

बाबांनी मान वर करून माझ्या आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "अशी नोको, बाई. हे पुतळ्यावानी दिसून राह्यली. आमची जशी हाय तशी पायजे."

झालं. माझ्या आईला पुतळा म्हणाले. ते फोटोला म्हणाले होते, आईला नाही, एवढं कळायची अक्कल मला होती. पण राग आला की अक्कल कोण विचारतं. मी "बरं" म्हटलं आणि आत जाऊन बसले. 'जशी हाय तशी' हे मी ऐकलं होतं. एका कानानं ऐकलं होतं. बाबा म्हणाले, तेरवीचं सामान घ्यायचं आहे, घंट्या-दोन घंट्यात येतो. मी मान हलवली, मागे वळून पाहिलंही नाही.

कार्डावर दहा-बारा फोटो होते. बैलाचे, एका मोटारसायकलचे, आणि तिचा एक. कोणाच्या तरी हळदीतला असावा, मागे पिवळं पिवळं दिसत होतं. काळीसावळी बाई, डोक्यावरून पदर, कॅमेऱ्याकडे अशी पाहत होती की जणू म्हणतेय, काढ बाबा लवकर, मला कामं पडली आहेत. मी फोटो धरला, ओढला, सोडला. मोठा केला. डोक्यात पुतळा हा शब्द फिरत होता. म्हणे पुतळा. स्वतःच्या बायकोचा जन्मात एक फोटो काढून ठेवला नाही आणि दुसऱ्याच्या आईला नावं ठेवतो. हात आपलं काम करत होता. क्लिक, क्लिक. कपाळावरचे गेले, गालावरचा गेला. हनुवटीवरचा एक जाता जाईना. ओठाच्या अगदी खाली होता, पुसायला गेलं की ओठाचा रंग खाली उतरायचा. तीन वेळा 'अनडू' करून मागे गेले, चौथ्यांदा निघाला. मी आणखी चिडले. रंग दोन पायऱ्या वर चढवला. सेव्ह. बंद. मग चौकट उघडली, तिच्यावर साफ झालेला चेहरा ओढून टाकला, प्रिंट काढली, फ्रेममध्ये बसवली. अर्धा तासही लागला नाही.

बाबा आले तेव्हा त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या. त्या त्यांनी खाली ठेवल्या, हात धोतराला पुसले आणि फ्रेम घेतली. हेही एव्हाना आत आले होते.  बाबांनी फ्रेम उजेडाकडे धरली, पुन्हा खाली घेतली.

"हे कोन होय?"

"तुमच्याच घरच्या व्हयत, बाबा," हे म्हणाले. "काकू कशा उजळ दिसून राह्यल्या, पाहा ना."

"उजळ कायले पायजे मले? तिचं गोंदन कुठी गेलं?"

हे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "बाबा, ते डाग दिसून राह्यले होते म्हून काढले."

"डाग?" बाबा काउंटरवर हात टेकून वाकले. आवाज चढला नव्हता. "लहानी होती तवा मायनं बसवून गोंदून घेतलं तिचं. जनमभर सांगत गेली मले, सोनं-नानं अथीच राह्यते, गोंदन तेवढं संग येते. मरताना अंगावर फुटका मनी नव्हता, तेवढंच संग घेऊन गेली. आन तुमी त्याले डाग म्हनता."

आमच्याकडे म्हाताऱ्या बाया हे म्हणतातच. मी लहानपणापासून ऐकलेलं होतं. ऐकलेलं असून मी कित्येकींचं काढून घेतलं होतं.

"बाबा, रागावू नोका," मी म्हटलं. "तुमच्या कार्डात मूळ फोटो हाय. दोन मिनटात जसा हाय तसा करून देतो."

असं म्हणून मी आत गेले, कार्ड घातलं, फोटो धरला, ओढला, करड्या जागेवर सोडला. साफ चेहरा उघडला. उजळ, बिनठिपक्यांचा. मी बंद केला आणि पुन्हा ओढला, जसं काही दुसऱ्यांदा टाकल्यावर वेगळी बाई येईल. मग बाकीचे फोटो उघडले, बैल, मोटारसायकल.  सेव्ह केलेलं बंद केलं की पाठीमागे जाता येत नाही. ती मी पुसली होती, तिच्याच कार्डावर, त्याच नावाच्या फाइलवर.

बाहेर येऊन विचारलं, "बाबा, हा फोटो कोनाच्या मोबाइलनं काढला होता?"

"पुतन्याच्या. त्याचा मोबाइल अवंदा हिरीत पडला, हे कार्ड तेवढं वाचलं."

मी यांच्यावर ओरडले. गिऱ्हाइकासमोर, दार उघडं, बाहेर बाजार. "जागा नाही, जागा नाही म्हनता ना दर सीझनले? घ्या आता. किती वर्साची मांगून राह्यली मी एक डबी. लोकायच्या लग्नाचे नाच ठेवाले जागा हाय, आन एका बाईच्या तोंडाले जागा नाही."

हे शांत उभे होते. हा माणूस चिडत नाही, याचाही मला राग येतो. ते हळूच म्हणाले, "जागा माह्या चुकीनं नव्हती. पन हात तुहा होता."

खरं होतं, आणि खरं असलेलं बोलणं मला त्या वेळी सहन झालं नाही. मग मी बाबांकडे वळले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी. म्हटलं, "सांगा, किती ठिपके होते अन् कुठी कुठी होते. मी काढून देतो."

बाबा स्टुलावर बसले. "हनवटीले होते," ते म्हणाले. "कपाळाले होते."

"किती?"

 मग त्यांनी खिशातला बटनांचा मोबाइल काढला आणि लेकीला फोन लावायला सांगितला. लेक पुसदला दिलेली, तेरवीसाठी घरी आलेली. ती म्हणाली, कपाळाला एक आणि हनुवटीला दोन. मग तिनं तिच्या आत्याला विचारलं, आत्याही तेरवीसाठी आली होती, ती मागून म्हणाली, हट, पाच होते. दोघींची फोनवरच जुंपली. बाबा मोबाइल कानाला धरून ऐकत राहिले आणि माझ्या तोंडातून ते निघून गेलं, जे आजही आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

"बाबा, सारी जिंदगी संसार केला तुमी तिच्यासंग. आन तुमाले तिच्या तोंडावरचं ठाव नाही?"

 हे म्हणाले, "ओ, चूप." बाबांनी फोन बंद केला. माझ्याकडे वर पाहिलं. चिडलेले नव्हते. तेच मला लागलं.

"ध्यानात राह्यत नाही म्हून तं फोटो पायजे होता," ते म्हणाले.

मी आत गेले. खुर्चीवर बसले. रडू येत होतं, पण रडायचा हक्क आपला नाही हे कळत होतं. थोड्या वेळानं बाबांना आत बोलावलं, शेजारी स्टूल ठेवलं. आमच्या पार्टिशनमागे गिऱ्हाइकानं उभ्यानं पाहायचं, बसवायची रीत नाही. 

तिचा साफ केलेला चेहरा मी पुन्हा ओढून उघडला. या वेळी आधी त्याची नक्कल करून घेतली, आता काय उपयोग, तरी घेतली. मोठा केला, मघाशी केला होता तेवढाच. आणि हिरवट रंगाचा बारीक ब्रश घेऊन हात मोकळा सोडला. डोक्याला काही माहीत नव्हतं. डोकं मघाशी रागात होतं, त्यानं तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. पण हात पुसून आला होता, त्याला वाट माहीत असेल तर असेल. हात कपाळावर गेला आणि अडखळला. एक क्लिक की दोन? गालावर गेला, उजव्या की डाव्या? मी ठिपका ठेवायची, पुसायची. मग हात हनुवटीवर उतरला, ओठाच्या अगदी खाली, आणि तिथं तो थांबला. इथं मी तीन वेळा मागे गेले होते. हे माझं मलाच आठवत होतं, कारण मी चिडले होते. साधा गोल ठिपका असता तर एका क्लिकमध्ये निघाला असता. मी तिथं ठिपका ठेवला आणि त्याला एका बाजूनं जरा पसरवला, ओठाकडे.

बाबा पुढं झुकले.

"हा," ते म्हणाले. "हाच. हा असाच फिसकटला होता. गोंदताना रडे ना ते, तं रडता रडता हात फिरवला न तिनं तोंडावर. सांगे मले. मायनं तिले तिथंच येक ठेवून देल्ती म्हने." ते हसले. एवढ्या वेळात पहिल्यांदा हसले. बोट स्क्रीनपर्यंत नेलं आणि टेकवायच्या आधी मागे घेतलं.

तो रडताना पसरला होता, हे मला माहीत नव्हतं. ते त्यांचं त्यांनाच आठवलं होतं. मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"आन बाकीचे?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. आत्या पाच म्हणत होती, मी पाच ठेवून दिले असते आणि कोणी काही म्हटलं नसतं. चार दिवसांनी तेरवीला बाया म्हणाल्याच असत्या, हुबेहूब. मी म्हटलं, "बाबा, बाकीच्याचं मले सांगता येत नाही. मी पाह्यलंच नाही."

 बाहेर जीपवाला मंगरूळ, मंगरूळ ओरडत होता.

"मंग हा येकच राहू दे," ते म्हणाले. "जे ठाव नाही ते नोको टाकू."

मी तिचा रंग खाली आणला. तो मात्र मला अदमासानं आणता आला, दोन पायऱ्या चढवल्या होत्या, दोन उतरवल्या. कपाळ कोरं ठेवलं. हनुवटीवर तो एक फिसकटलेला ठिपका. दुसरी प्रिंट काढली, जुनी फाडून टाकली. बाबांनी फ्रेम दुपट्ट्यात गुंडाळली. जाताना मला म्हणाले, "येतो, पोरी." आल्यावर बाई म्हणाले होते. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर हार्ड डिस्क आली. यांनी त्याच आठवड्यात आणली, न बोलता माझ्या टेबलावर ठेवली. आता कार्ड घातलं की आधी सगळं उतरवून घेते, मग नक्कल ओढते. वेळ लागतो. हे बाहेरून हाका मारतात, मी उत्तर देत नाही. गोंदणाला हात लावत नाही, सांगितलं तरी. एक पोरगा माझ्याशी भांडून गेला, आजीच्या कपाळावरचं हिरवं काढा म्हणून. मी म्हटलं, मंगरूळला जा, तिथं काढून देतील. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

पण मला सांगायचं होतं ते हे नाही. बाबांची जीप गेल्यावर मी काउंटरवर येऊन बसले होते. मान वर गेली. नमुन्याच्या फ्रेममधून आई निळ्या आभाळापुढे बसून पाहत होती. गोरी, गुळगुळीत, देवीसारखी. मी पाहत राहिले आणि मला एकदम मावशी आठवली. मावशीच्या हनुवटीवर गोंदण आहे. दोघी बहिणींत दीड वर्षाचं अंतर, एकाच घरात वाढल्या. मोठीचं गोंदलं आणि धाकटीचं नाही, असं आमच्याकडे होत नाही.

मी स्टूल घेऊन फ्रेम उतरवली. आत जाऊन आईचा फोटो शोधला, दुकानाच्या कॉम्प्युटरवर तो एवढाच होता, साफ केलेला. बारशाचं कार्ड यांनी पुढच्याच लग्नासाठी रिकामं केलं होतं. आमच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये आई आहे, पण तो अल्बम यांनी मी शिकायच्या आधी केलेला, त्यातली सगळी माणसं मैद्याची आहेत, नवरीसुद्धा. मी आईला ओढून करड्या जागेवर टाकलं, मोठं केलं, हिरवा ब्रश घेतला आणि हात मोकळा सोडला. हात जागचा हलला नाही. दोन दिवस खपून मी तिला साफ केलं होतं, प्रेमानं केलं होतं, कुठं अडलं नाही, कुठं चिडले नाही. त्यामुळे काहीच ध्यानात राहिलं नव्हतं.

हे पार्टिशनमधून डोकावले. "नमुना काहून काढला?"

मी मावशीला फोन लावला. ती वावरातून येऊन पाय धूत होती. मी विचारलं, "मावशे, मायच्या तोंडावर गोंदन होतं का वो? किती होतं?"

पलीकडे पाण्याचा आवाज थांबला.

"आता हे कायले इचारून राह्यली?" मावशी म्हणाली. "लेक न तू तिची? तिच्या मांडीवर वाढली. आन तुले तिच्या तोंडावरचं ठाव नाही?"

बाबांनी मला दिलं होतं तेच उत्तर, ध्यानात राह्यत नाही म्हून तं फोटो, माझ्या तोंडाशी आलं. पण ते देता येईना. त्यांचा फोटो मी पुसला होता. माझा कोणी पुसला, हे मावशीला काय सांगणार होते.